केबिन नसलेलं थिएटर

दातांच्या डॉक्टरांनी घरात थिएटर बांधायला काढलं, तेव्हा नातेवाइकांनी एकमताने ठरवून टाकलं की हे पन्नाशीचं खूळ आहे. कुणी मोटारसायकल घेतं, कुणी केस काळे करतं, यांनी थिएटर काढलं. डॉक्टरांनी कुणाचंही म्हणणं खोडलं नाही. खरं कारण फक्त त्यांच्या बायकोला माहीत होतं, आणि तेही त्यांनी सांगितलं नव्हतं, तिने ओळखलं होतं.

कारण होते अण्णा, डॉक्टरांचे वडील. अण्णांनी उभं आयुष्य एका सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर म्हणून काढलं. सिनेमागृह कधीच बंद पडलं, पण त्याच्या मागच्या गल्लीतली वरच्या मजल्यावरची खोली काही अण्णांनी सोडली नाही. तिथे ते एकटे राहत, एकटे जिना चढत, आणि मागच्या हिवाळ्यात त्याच जिन्यावरून पडले तेव्हा ही गोष्ट डॉक्टरांना शेजाऱ्यांकडून कळली. अण्णांनी सांगितलीच नव्हती. "आता इकडेच राहायला या," असं सांगून सांगून डॉक्टरांचं तोंड दुखलं. अण्णा शनिवारी येत, हातात एक पिशवी. सोमवारी सकाळी ती पिशवी दाराशी ठेवलेली असे. त्यांच्यासाठी घरातली सगळ्यात उजेडाची खोली राखून ठेवली होती, नवा पलंग होता, खिडकीतून झाडं दिसत होती. अण्णा त्या पलंगाच्या अगदी कडेला झोपत, म्हणजे चादर फार चुरगळायला नको.

तर डॉक्टरांनी बेत केला. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना सिनेमे दाखवले, त्याने स्वतः एकही धड ऐकला नव्हता. प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये मशीनची खडखड इतकी, की पडद्यावरचं माणूस प्रेम करतंय की भांडतंय हे हातवाऱ्यांवरून ठरवावं लागे. अशा माणसाला शांत अंधारात, मऊ खुर्चीत बसवून एक सिनेमा ऐकवायचा. मग बघू, सोमवारी पिशवी कशी उचलतात ते.

आता डॉक्टर म्हणजे केसाचा दशांश कमी-जास्त झाला तरी दात पुन्हा कोरणारा माणूस. साधा टीव्ही मोठा करून भागलं असतं, पण त्यांनी घराच्या मागच्या अंगाची खोली रिकामी केली, भारीतले स्पीकर आणले, छताला प्रोजेक्टर टांगला, आणि पहिल्याच दिवशी खुर्चीत बसून सिनेमा लावला. आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. त्यांनी खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली, तर भिंतींनी ती टाळी एकमेकींकडे फेकत बराच वेळ खेळ मांडला. तेव्हा त्यांना कळलं की पैसे स्पीकरला दिले होते, पण बोलत होती खोली.

मग आवाजाचा एक सल्लागार आला. सडपातळ, हळू बोलणारा, सतत कान टवकारलेला. घरात त्याचं नाव 'कानवाले' पडलं. कानवाल्यांनी आल्या आल्या फ्रिजचं बटण बंद केलं, भिंतीवरचं घड्याळ काढून बाहेर ठेवलं आणि डॉक्टरांच्या बायकोला बांगड्या काढता का, असं विचारलं. ती म्हणाली, "मीच बाहेर जाते ना." आणि गेली.

आवाज कुठून उसळून येतो ते शोधायला कानवाल्यांनी भिंतीवरून आरसा फिरवला. खुर्चीत बसलेल्या डॉक्टरांना जिथे जिथे आरशात स्पीकर दिसला, तिथे तिथे आवाज शोषणाऱ्या काचलोकरीने भरलेल्या कापडी चौकटी लागल्या. कोपऱ्यांत जाडजूड खांब उभे राहिले, खाली गालिचा आला. खर्जाच्या स्पीकरची जागा शोधायची पद्धत तर अशी, की तो जड ठोकळा खुर्चीत बसवायचा, त्याच्यावर धूम धूम लावायचं, आणि आपण भिंतीच्या कडेकडेने रांगायचं. जिथे खर्ज स्वच्छ वाटेल तिथे ठोकळा ठेवायचा. बायको चहा घेऊन आली तेव्हा ठोकळा ऐटीत खुर्चीत बसला होता आणि शहरातले नावाजलेले दंतवैद्य त्याच्यासमोर चार पायांवर होते.

"चहा कोणाला देऊ?" तिने विचारलं.

"ठेव तिथे," डॉक्टर म्हणाले. "आणि हसू नकोस, खोली घुमते."

सगळ्यात कठीण होती मागची भिंत. तिच्यापलीकडे अडगळीची खोली, आणि तिथे पाण्याच्या पंपाची घरघर. कानवाल्यांनी भिंतीला आतून दुहेरी अस्तर दिलं आणि बजावलं, की सुई जाईल एवढीही फट राहता कामा नये. ते काम डॉक्टरांनी सुताराला करूच दिलं नाही. ट्यूब घेऊन ते स्वतः एकेक सांधा भरत बसले. किडका दात भरावा तशी त्यांनी ती भिंत भरली.

शेवटी माप आलं कानाच्या उंचीवर. माइक नेमका त्या जागी ठेवून सगळा आवाज त्याच बिंदूला जुळवायचा होता. कानवाल्यांना वाटलं, डॉक्टर स्वतःच्या कानाची उंची सांगतील. डॉक्टरांनी खिशातून दुसराच आकडा काढला. अण्णा कवळी सैल झाली म्हणून दवाखान्यात आले होते, तेव्हा खुर्चीत 'आ' करून बसलेल्या बापाचं त्यांनी बैठकीपासून कानापर्यंत गुपचूप माप घेतलं होतं.

रविवारी दुपारी अण्णांना आत नेलं. खुर्ची एकच, बरोबर मधोमध. डॉक्टर आणि बायको मागे गालिच्यावर बसले. दिवे मावळले, सिनेमा सुरू झाला. पावसाचा प्रसंग होता, आणि डॉक्टरांना वाटलं, आता छत्री आणावी. त्या खोलीत आवाज इतका कधीच जुळला नव्हता. ते पडद्याकडे बघतच नव्हते, बघत होते अण्णांच्या मानेकडे.

मान हलली. अण्णांनी मागे वळून पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे. मग पुन्हा मागे, वर छताकडे. असं चार-पाच वेळा झालं, आणि अण्णा चक्क उठले आणि मागच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"अण्णा, बसा ना," डॉक्टर कुजबुजले. "तिथे खर्ज घुमतो. आवाज खुर्चीतच नीट आहे."

"असू दे. मी बरा आहे इथे."

"थंडी वाजतेय का?"

"नाही रे."

"मग आवडलं नाही का?"

अण्णांनी पाठ भिंतीला आणखी चिकटवली. एवढा खटाटोप करून डॉक्टरांनी बापासाठी आणखी एक पलंग तयार केला होता, ज्याच्या कडेवर तो अवघडून निजणार होता. त्यांनी सिनेमा थांबवला आणि दिवे लावले. रडू येईल की राग, हे त्यांचं त्यांनाच कळेना, म्हणून ते रागावले.

"तुम्हाला कुठेच का बसवत नाही हो, अण्णा? सगळं जग खुर्चीत बसून सिनेमा बघतं."

"बघतं ना," अण्णा शांतपणे म्हणाले. "जग बघतं. मी दाखवतो."

अण्णा छताच्या प्रोजेक्टरकडे बघत होते. "हे यंत्र असं उघड्यावर टांगलंय. पंखा बघ कसा गुणगुणतोय. याला बघायला कोणी आहे?"

"आपोआप चालतं, अण्णा."

"आपोआप." एखाद्याने जेवणात केस सापडल्याचं सांगावं, तसा त्यांनी हा शब्द उच्चारला. "आणि केबिन कुठे आहे?"

डॉक्टरांनी खोलीभर नजर फिरवली. पडदा होता, गालिचा होता, बापाच्या कानाचं माप होतं. आणि ज्या माणसाने हयात केबिनमध्ये काढली, त्याच्यासाठी बांधलेल्या थिएटरला केबिनच नव्हती. हे त्यांच्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

बायको आधीच उठली होती. "अण्णा, भिंतीमागे अडगळीची खोली आहे," ती म्हणाली. "लहान आहे जरा. पंप आहे तिथे, आवाज करतो."

"आवाजाचं काय," अण्णा म्हणाले. "आवाज असला की झोप लागते मला."

ते तिच्यामागून गेले. डॉक्टर गेले तोवर अण्णांनी दोन खोकी बाजूला सारली होती, खाटेला जागा किती राहते ते पावलांनी मोजलं होतं, आणि आता भिंतीवर तळहात ठेवून डोळ्यांच्या उंचीचा अंदाज घेत होते. गेल्या कित्येक वर्षांत या घरात त्यांनी कशालाही न विचारता हात लावला नव्हता. डॉक्टर दारातच थांबले.

"इथून एक भोक पाडावं लागेल," अण्णा म्हणाले. "बघायचं. आणि दुसरं यंत्राचं. शोला आल्यागेल्याला बसवायचं काम तुम्ही दोघं बघा. माझं सामान सावकाश आणू, घाई नाही."

डॉक्टरांनी कानवाल्यांना फोन लावला. कानवाले दुखावलेल्या आवाजात म्हणाले, की त्या भिंतीला भोक पाडणं म्हणजे सगळ्या कामावर पाणी सोडणं. पंप ऐकू येईल, पलीकडचं खोकणं ऐकू येईल, सगळं ऐकू येईल.

"चालेल," डॉक्टर म्हणाले.

"पण का?"

"ऑपरेटर ठेवलाय," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ड्रिल त्यांनी स्वतः हातात घेतलं. टोक अस्तरातून गेलं, लोकरीतून गेलं, त्यांनी भरलेल्या सांध्याजवळून गेलं आणि पलीकडे निघालं. गालिच्यावर पांढरी धूळ पडली. त्यांनी ड्रिल बंद केलं, भोकाला तोंड लावलं आणि विचारलं, "अण्णा, ऐकू येतंय का?"

"येतंय की," पलीकडून अण्णा म्हणाले. "छान येतोय आवाज तुझा. आता जरा मोठं कर भोक, दिसत काही नाही."