पाठ टेकायची खुर्ची

विधेयक लिहायला शिकवणारे सर पहिल्याच तासाला सांगायचे, "विधानसभेच्या समितीवरच्या लोकांना काहीतरी कापल्याशिवाय चैन पडत नाही. तेव्हा कापायला एक बकरा आपणच द्यायचा, म्हणजे बाकीचं वाचतं." कायद्याच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना हे भलतंच आवडलं. मसुदा हातात आला की एकमेकांना आधी विचारायची, "तुझा बकरा कुठला रे?"

त्यांच्यातल्या एका मुलीचा बकरा होता खुर्ची. तिचं विधेयक अतिदक्षता विभागातल्या रुग्णांसाठी होतं, आणि सरांच्या ओळखीच्या एका आमदारांनी ते खरोखरच मांडायला घेतलं होतं. रुग्णाजवळ त्याच्या एका माणसाला बसू द्यावं, एवढीच मागणी. त्या माणसाला पाठ टेकायची खुर्ची मिळावी, हे तिनं मुद्दाम घुसडलं होतं. खुर्चीसाठी कधी कुणी कायदा करतं का? समिती ती हसत हसत उडवणार, याची तिला खात्री होती.

तिचा जीव होता तो दुसऱ्याच ओळीत. जवळचं माणूस म्हणजे कोण, तर नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं, 'आणि ज्याने वाढवलं किंवा ज्याला वाढवलं ते माणूस'. ही शेवटची ओळ मावशीची होती. आई गेली तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हतं. मावशीनं तिला उचलून घरी आणलं ते कायमचं, आणि स्वतःच्या लग्नाचा विषय पुन्हा कुणाला काढू दिला नाही. मसुदा वाचून दाखवला तेव्हा मावशीनं शिलाई मशीन थांबवलं.

"म्हणजे आता मी कायद्यानं तुझी झाले म्हण की, वकीलबाई!" असं म्हणून ती हसली आणि मग बराच वेळ डोळे पुसत राहिली.

समितीच्या दिवशी ठेवणीतले कपडे घालून मावशी मागच्या बाकावर येऊन बसली. आणि घोळ असा झाला की अध्यक्षांना खुर्चीच आवडली. वडिलांच्या आजारपणात बिनपाठीच्या स्टुलावर बसून बसून त्यांची कंबर धरली होती.

"खुर्ची राहू द्या," ते म्हणाले. "पण हे वाढवलेलं माणूस म्हणजे कोण? उद्या शेजारीणसुद्धा येऊन बसेल. ही ओळ काढत असाल तर विधेयक आजच पुढे पाठवतो."

तिनं सरांकडे पाहिलं. सरांनी होकाराची मान डोलावली. तिनं भांडायला हवं होतं, निदान मागच्या बाकाकडे बोट तरी दाखवायला हवं होतं. पण ऐन वेळी शिकवलेलं तेवढं तोंडातून बाहेर पडलं.

"आमची हरकत नाही."

मागे वळून बघायची तिची हिंमत झाली नाही. घरी जाताना मावशीच म्हणाली, "तोंड कशाला पाडतेस? खुर्ची तर मिळाली ना!"

कायदा झाला. सरांनी भर वर्गात तिची पाठ थोपटली. ती वकील झाली, कोर्टात जाऊ लागली, आणि एका दुपारी मावशी मशीनवरच कोसळली. शेजाऱ्यांनी तिला दवाखान्यात पोचवलं. ही काळा कोट अंगावर तसाच ठेवून धावत आली, तर अतिदक्षता विभागाच्या दारात नर्सनं अडवलं.

"आधी आम्ही माणूस बघून सोडायचो हो," नर्स ओशाळून म्हणाली. "आता कायद्यात आहेत तेवढ्यांनाच. पेशंटच्या तुम्ही कोण?"

"मुलगी." आयुष्यात पहिल्यांदाच ती असं म्हणाली, आणि त्यात तिला काही खोटं वाटलं नाही.

नर्सनं नजर खाली वळवली. "ताई, त्यांना आत घेतलं तेव्हा त्या शुद्धीवर होत्या. कोण येणार आहे विचारलं, तर म्हणाल्या, माझी भाची येईल, वकील आहे. हा कायदा तिनंच लिहिलाय."

दाराच्या काचेतून मावशीची पावलं तेवढी दिसत होती. पलंगाशेजारी पाठ टेकायची नवीकोरी खुर्ची होती. मावशी गेली, तोवर त्या खुर्चीवर कुणीच बसलं नाही.