घणाखाली ड्रम

आमच्या चिंचवडच्या गॅरेजात दोन मिस्त्री होते आणि त्यातला एक जास्तीचा होता. तो मी, असं थोरला भाऊ मीरासाहेब मानायचा. तो, असं मी मानायचो. शहात्तर साली अब्बा गेले, तेव्हापासून आमचं बोलणं गिऱ्हाइकापुरतंच उरलं होतं.

ज्योतीरामची टॅक्सी खंडाळ्याचा घाट रोज चढायची-उतरायची. ब्रेक दाबला की पुढचं डावं चाक थरथरतं, म्हणून तो सकाळीच आला. चाक उतरवलं. ब्रेकच्या ड्रमला आतून चरे पडले होते.

"लेथवर कातून देतो. अजून दोन वर्सं जाईल," भाऊ म्हणाला.

"नवा बसव, ज्योतीराम," मी म्हणालो. "ह्याला तडा हाय."

तडा मी काही डोळ्यांनी पाहिला नव्हता. पाना मारला तेव्हा आवाज बद्द आला, एवढंच. पण भावाचं तोंड बंद करायला मला तेवढं पुरे होतं.

"टांगून वाजवलास?" भावानं विचारलं.

ड्रम तारेला टांगून वाजवायचा, ही अब्बांची रीत. टांगलेला चांगला ड्रम शाळेच्या घंटेसारखा घुमतो. मी तो पोत्यावर ठेवून वाजवला होता. पोत्यावर शाळेची घंटासुद्धा बद्दच वाजेल.

"व्हय," मी धडधडीत खोटं बोललो.

"पुन्हा टांग. माझ्यासमोर वाजव."

"मी काय तुझा उमेदवार हाय?"

"उमेदवार निदान ऐकतो तरी."

ज्योतीराम मधे पडला. "मिस्त्री, माझ्या गाडीत लेकुरवाळ्या बाया बसत्यात. काय ते एकदा नक्की सांगा."

"तडा निघाला तर गॅरेज तुझं," भाऊ माझ्याकडं बघत म्हणाला. "न्हाई निघाला तर हत्यारं उचल आन् चालता हो."

"कबूल!"

तार समोरच खुंटीला होती. टांगायला कितीसा वेळ लागला असता? मी घण उचलला. भाऊ "अन्वर!" म्हणून ओरडेपर्यंत दोन घाव घालून झाले होते. ड्रमचे तीन तुकडे झाले.

जुना तडा असता तर तुटलेल्या कडेवर गंजाची काळी रेघ दिसली असती. मी एकेक तुकडा उन्हात धरून फिरवून पाहिला. सगळी कड ताजी, करडी, चकचकीत होती. मला शरम वाटायला हवी होती, पण भावाचा आणखीच राग आला, कारण तो हसलासुद्धा नाही.

टॅक्सीला शेवटी नवाच ड्रम बसला, मी सांगितला होता तसा. तो बसवला भावानं. मी तोवर कोपऱ्यात पेटीत माझे पाने भरत होतो.

गाडी सुरू करण्याआधी ज्योतीरामनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. आवाज खाली आणायची तसदी त्यानं घेतली नाही.

"मिस्त्री, ब्रेकला ह्यानं हात न्हाई ना लावला?"

"न्हाई," भाऊ म्हणाला. "जा बिनघोर."