पालथा पेला

आमच्या त्सांगचौ भागात पूर्वी दोन-चार गावांत मिळून कुंग-फूचा एखादा उस्ताद असायचा. आता दर दोन घरांमागे एक महागुरू आहे. परवापर्यंत सायकलची पंक्चरं काढणारा माणूस आज रेशमी डगला घालून 'नऊ आकाशांचा अधिपती' होतो आणि दारावर सोनेरी अक्षरांची पाटी लावतो. कुणी बेडूक बघून नवी विद्या काढलीय, कुणाला म्हणे ती स्वप्नात सापडली. मी गाढवाचं मांस भरलेल्या भाकऱ्या विकते. रोज पहाटे आतडी धुते, त्याची मला कधी किळस आली नाही. या लोकांची येते.

माझे बाबा, लुआन देफू, वीटभट्टीवर राबायचे आणि संध्याकाळी खळ्यावर पोरांना शिकवायचे. त्यांच्या विद्येला धड नावसुद्धा नव्हतं. लोक 'लुआनांचे हात' म्हणत, एवढंच. आल्या आल्या पोराला खुंट्यासारखं उभं करायचे, गुडघे वाकवून, टाचा रोवून, आणि कितीतरी महिने दुसरं काही नाही. मग छातीवर तळवा ठेवून ढकलायचे. जो हलला तो परत खुंटा. पण जो गुरूचा मान राखायला म्हणून मुद्दाम पडला, त्याच्या पोटऱ्यांवर केरसुणी बसायची. बाबा कधी तोंडाकडे बघत नसत, टाचांकडे बघत. हात लागायच्या आधी टाच उचलली की हा नाटक्या. "पडणारा खोटा, आणि त्याला पडू देणारा त्याहून खोटा," असं म्हणायचे. मीही त्याच खळ्यावर उभी राहिले. मुलगी म्हणून सूट मिळाली नाही.

गंग बाओताय त्यांचाच शिष्य. टाच उचलण्यात एक नंबर. केरसुणीचे सगळ्यात जास्त फटके त्यानेच खाल्ले असतील. पुढे तो शहरात गेला आणि परत आला तो 'नवमेघ निराकार हस्ता'चा आद्य प्रवर्तक होऊन. त्याच्या विद्येत म्हणे हात लावावाच लागत नाही. तो नुसता तळवा पुढे करतो आणि धावत आलेले धट्टेकट्टे बाप्ये मागच्या मागे उडतात, वर कण्हतातही. मी बाजारच्या चौकात हे डोळ्यांनी पाहिलंय. त्या उडणाऱ्यांत शाळेचा मास्तर होता, बँकेतला साहेब होता. आधी कुणी एक मान राखायला पडला असेल, मग दुसऱ्याला न पडणं उद्धटपणाचं वाटलं असेल. आमच्या लोकांना चारचौघांत कुणाला खोटं पाडायचं जिवावर येतं, त्यापेक्षा ते स्वतः धुळीत लोळतील. आणि ज्याच्यापुढे वर्षानुवर्षं माणसं लोळतात, त्याला एक दिवस ते खरंच वाटायला लागतं.

पण बाओतायकडे गुरू नव्हता. आमच्याकडे आभाळातून पडलेल्या विद्येला कुणी विचारत नाही. गुरूने भर सभेत शिष्याच्या हातचा चहा प्यायला, की शिष्याची विद्या गुरूच्या घराण्याची ठरते आणि तो पेला गुरूच्या घरी राहतो. नको असेल तर गुरू पेला तिथेच पालथा घालतो. नंतर कधी तोच पेला पालथा परत पाठवला, तरी नातं तुटलं असं समजतात. बाबा धडधाकट होते तोवर बाओतायची आमच्या गल्लीत फिरकायची छाती झाली नाही. बाबांचं उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली, आणि हा पेअरची करंडी घेऊन दारात हजर.

मी मांस चिरत होते. त्याने चहाच्या समारंभाचं सगळं सांगितलं. हॉटेलातला हॉल, पाहुणे, मधोमध बाबांची खुर्ची.

"ताई, गुरुजींनी फक्त बसायचं. बाकी मी बघतो."

"त्यांना बोलता येत नाही, म्हणूनच आलास ना रे?"

"गुरुजींचं मौन म्हणजेच आशीर्वाद," तो हात जोडून म्हणाला.

मी सुरा बाजूला ठेवला, कारण हातात ठेवणं धोक्याचं होतं. त्याला हाकलणारच होते, तेवढ्यात बाबांनी काठी आपटली. डाव्या हाताने आधी बाओतायकडे बोट केलं, मग स्वतःकडे, म्हणजे मी येतो. तो हसून निघून गेल्यावर बाबांनी माझ्याकडे बघत तळवा हवेत उलटा केला, पेला पालथा घालतात तसा. मला समजलं. नाही म्हणायचं तर सगळ्यांसमोर, घरात दडून नाही. वाचा गेली, अंग गेलं, या माणसाकडे आता एकच गोष्ट उरली होती. आयुष्यात त्याने खोट्याला खरं म्हटलं नव्हतं.

समारंभाला मी त्यांना चाकाच्या खुर्चीतून नेलं. निळा सदरा इस्त्री करून घातला होता. व्यासपीठावर महागुरूंची रांगच बसली होती, वज्रपंजा काय, सात ताऱ्यांचा सम्राट काय. एकेकाच्या पदव्या वाचता वाचता सूत्रसंचालकाला दम लागला. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. मग बाओतायने आपले शिष्य उडवून दाखवले. बाबा टाचांकडे बघत होते. त्यांच्या शाबूत राहिलेल्या अर्ध्या तोंडावर पूर्वीचा राग मला ओळखू आला, आणि मला बरं वाटलं.

मग बाओताय गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी पेला पुढे केला. बाबांनी डावा हात उचलला. तो पेल्यापर्यंत गेला, पण त्या चोराने पेला घट्ट धरून ठेवला होता. बाबांनी ओढून पाहिलं. जमेना, तेव्हा त्यांनी त्याच्या छातीवर तळवा टेकवला आणि त्याला दूर लोटलं. जा इथून, असं. आजारी म्हाताऱ्याचा हात तो, त्याने मांजरही हललं नसतं.

बाओताय उडाला. गुडघ्यांवरून मागे फेकला गेला, दोन कोलांट्या घेतल्या, आणि पेल्यात थोडा चहा राहील एवढं भान मात्र ठेवलं. हॉल दणाणून गेला. "गुरुजींनी शक्ती दिली," तो पडल्या पडल्या ओरडला. व्यासपीठावरचे सगळे महागुरू उभे राहून टाळ्या वाजवत होते. या लोकांना नकारसुद्धा पचतो. त्यांच्या तोंडावर थुंका, ते त्याचंही तीर्थ करतील.

पण त्याहून वाईट पुढे झालं. बाबा आपल्या हाताकडे बघत होते. उलटा करून, सुलटा करून. आणि त्यांच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं, लहान मुलाला नवं खेळणं मिळावं तसं. ते तसे बघत असतानाच बाओतायने येऊन पेला त्यांच्या ओठाला लावला आणि मी पोचायच्या आत बाबांनी घोट घेतला.

घरी आल्यावर तो पेला ओट्यावर ठेवला. मी बाबांशी बोलले नाही. ते मात्र खुशीत होते. जेवताना हात बघायचे, झोपताना बघायचे. सकाळी मी लापशी घेऊन गेले तर त्यांनी वाटी बाजूला सारली आणि मला समोर उभं राहायची खूण केली.

मी ओळखलं काय ते. सगळं आयुष्य ज्याने पोरांच्या पोटऱ्या झोडल्या, तो माणूस आता विचारत होता, माझ्या हातात खरंच आलंय का गं काही? आणि मनात आलं, पडावं. काय जातं माझं? हा माणूस चार दिवसांचा सोबती. दोन पावलं मागे जाऊन भिंतीला पाठ टेकली असती, तर तो मरेपर्यंत सुखात राहिला असता. शाळामास्तर पडतो, साहेब पडतो, मी तर पोटची पोर.

मी गुडघे वाकवून उभी राहिले. बाबांनी माझ्या छातीच्या हाडावर तळवा ठेवला आणि ढकललं. मला पडायचं होतं, शप्पथ. पण टाचा उचलेनात. केरसुणीने घडवलेल्या टाचा त्या.

बाबांनी पुन्हा ढकललं, दात खाऊन. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मी खुंट्यासारखी उभी. त्या मेल्या बाओतायला मी मनातून काय काय शिव्या दिल्या, ते इथे सांगण्यासारखं नाही. माझ्याच बापाला माझ्या हातून हे भोगायला लावलं त्याने.

बाबांचा हात खाली आला. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही, पायांकडे बघितलं, बराच वेळ. मग मान एकदाच हलवली. खळ्यावर एखाद्याचं उभं राहणं जमलं की हलवायचे, तशीच. तोच हात त्यांनी ओट्याकडे केला. मी पेला आणून त्यांच्यापुढे ठेवला. तीनदा हातातून निसटला, मी मदत केली नाही. शेवटी त्यांनी तो पालथा घातला.

मी तसाच ताटलीत घेऊन बाओतायच्या आखाड्यात गेले. सगळे शिष्य रांगेत उभे होते. ताटली त्याच्यापुढे जमिनीवर ठेवली. मास्तराचा चेहरा उतरला, साहेब खाली बघायला लागला. पालथ्या पेल्याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो.

बाओतायने ताटलीकडे पाहिलं. मग डगला सावरून शिष्यांकडे वळला आणि त्यांना सांगू लागला, की नवमेघ विद्येत पालथा पेला म्हणजे शिष्याच्या मस्तकावर धरलेलं आकाश, आणि हा मान आजवर कुणाला मिळालेला नाही.

शिष्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मास्तराने वाकून नमस्कार केला, आणि त्याच्यामागून सगळ्यांनी.

मी घरी आले. बाबांनी नजरेनेच विचारलं, दिलास का? मी म्हटलं, दिला. पुन्हा नजरेनेच, समजलं त्याला? मी त्यांच्या टाचांवरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हटलं, "समजलं, बाबा. सगळ्यांना समजलं." ते डोळे मिटून झोपले, आणि मी आतडी धुवायला गेले.