नानांनी रिकामं ठेवलेलं चेंबर

चैत्र सरत आला की धुळ्यात, देवपुरातल्या आमच्या घराच्या पश्चिमेकडच्या खोलीतून एक मंद, अखंड घरघर ऐकू यायची, आणि तेवढ्यावरून हर्षल घरात आहे हे मला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कळायचं. भिंती तापून धग सोडत असायच्या, पांझरेच्या कोरड्या पात्रावरून येणारा वारा धुळीनं जड झालेला असायचा, आणि त्या निश्चल दुपारी फक्त त्याच्या कॉम्प्युटरचे पंखे तेवढे जिवंत असायचे. दार लोटलं की पडद्याचा निळसर प्रकाश त्याच्या घामेजल्या कपाळावर हलताना दिसायचा. हर्षल माझा धाकटा भाऊ. सावद्याहून धुळ्याला इंजिनिअरिंग शिकायला आला आणि माझ्याकडेच राहिला. येताना त्यानं एक जुनापुराणा कॉम्प्युटर आणला होता. पुढच्या काही वर्षांत त्या कॉम्प्युटरचा मूळचा एकही भाग जागेवर राहिला नाही, तरी तो त्याला 'माझा जुनाच' म्हणायचा.

कधी जास्तीची रॅम यायची, कधी कुणी वापरून सोडलेलं ग्राफिक्स कार्ड, कधी नवा पंखा. नवा भाग आला की घरात सण असायचा. आधी स्वच्छ आंघोळ, मग पलंगावर धुतलेली चादर, तिच्यावर स्क्रूंच्या वाट्या. माझ्या फराळाच्या वाट्या त्या कामात किती गेल्या, ते आता विचारू नये. कॅबिनेटची बाजू उघडून तो रंगाच्या मऊ ब्रशनं आतली धूळ झाडायचा, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट कापसानं टिपायचा, आणि नवी पेस्ट लावताना श्वास रोखून धरायचा. बाळंतिणीचीही इतकी बडदास्त आमच्या घरात कधी झाली नव्हती, असं मी म्हणायचे. तो हसायचा नाही. 'अक्का, हात लावू नको, थांब,' एवढंच म्हणायचा, आणि त्याच्या आवाजातलं ते आर्जव ऐकून मीही नकळत दोन पावलं मागे सरायचे.

खानदेशातल्या उन्हाळ्याशी त्याचं हाडवैर होतं. त्या कॉम्प्युटरवर तो मित्रांबरोबर नेमबाजीचे ऑनलाइन खेळ खेळायचा, आणि खेळ रंगात आला की कॉम्प्युटर तापून आपोआप बंद पडायचा. मी म्हटलं, हॉलमधला कूलर तुझ्या खोलीत नेऊन ठेव. त्यानं कानावर हात ठेवले. कूलरची हवा गार असते पण ओलसर असते, ती आत शिरली की सगळं संपलं, हे त्यानं मला इतक्या वेळा समजावून सांगितलं की मलाही पाठ झालं. म्हणून जिथे कूलरशिवाय मांजरसुद्धा टेकत नसे, त्या खोलीत तो साधा टेबलफॅन कॅबिनेटकडे वळवून स्वतः उकाड्यात बसायचा. पाठीवर घामोळं उठायचं. मी पावडर पुढे करायचे आणि बडबडायचे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटायचा. आपल्या आयुष्यात एखाद्या गोष्टीसाठी आपण असं तापून निघालो होतो का, हे आठवू पाहिलं तर काही हाती लागत नसे.

आणि तो बोलायचा! जेवताना, भाजी निवडताना, गाडीला किक मारताना. खेळातल्या त्याच्या संघातल्या इम्रानचा नेम कसा अचूक आहे, अमुक कार्ड का चांगलं, तमुक दुकानदार कशी टोपी घालतो. दुकानदारांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. मोहल्ल्यातली, कॉलेजातली पोरं काहीही घ्यायचं झालं की आधी त्याला विचारायची, आणि हा हातातला घास तसाच धरून त्यांना समजावत बसायचा. मला त्यातलं निम्मं कळत नसे; पण तो बोलत असताना घरात उजेड असायचा, हे मात्र मला तेव्हाही कळत होतं.

सावद्याला नानांना, म्हणजे आमच्या वडिलांना, यातलं काहीच उमगत नसे. त्यांचं केळी पिकवण्याचं काम. बागेतून आलेले हिरवे घड क्रेटमध्ये भरून बंद, थंड खोल्यांत, म्हणजे चेंबरमध्ये, ठेवायचे, आणि पिवळे झाले की गाडीत चढवायचे. हर्षलनं शिक्षण संपवून गादीवर बसावं, हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. हर्षलला पुण्याला जायचं होतं. असे कॉम्प्युटर जुळवून देणाऱ्या एका कारखान्यात काम शिकायचं होतं. दोघं बोलायचे कमी आणि धुमसायचे जास्त. अखेर शेवटच्या परीक्षेनंतर तह झाला. ऑनलाइन खेळाच्या एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हर्षल आणि इम्रानचा संघ पोचला होता. सामना नानांनी शेजारी बसून बघायचा. जिंकला तर पुणे, हरला तर गादी. नाना शब्दाचे पक्के, आणि हर्षलला स्वतःची खात्री होती.

सामना मे महिन्यात, ऐन दुपारी. हर्षल कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसनं सावद्याला गेला, आणि त्याच्यासोबत मीही माहेरी गेले. सामन्याच्या आदल्या दिवशी जेवताना तो सहज म्हणाला, की इथे धुळ्यापेक्षाही जास्त तापतंय, मशीन टिकलं पाहिजे. नाना ताटावरून उठता उठता थांबले.

'एवढीच गोष्ट हाये का? मंग आपलं चेंबर काय कामाचं? तठी ठेव. तुह्यं मशीन गार राहीन.'

भर हंगामात त्यांनी त्याच्यासाठी एक अख्खं चेंबर रिकामं केलं. सकाळीच स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर उचलून आत नेला, क्रेटच्या उतरंडीवर नीट ठेवला, तारा दाराखालून बाहेर घेऊन पडदा आणि कीबोर्ड बाहेरच्या ओट्यावर मांडले. मग त्यांच्या रोजच्या सवयीनं पाइप घेतला आणि चेंबरची फरशी, भिंती भिजवून काढल्या. केळीला थंडीबरोबर ओलही लागते, नाहीतर साल सुकते. नानांचा जन्म या शहाणपणात गेला. त्या दिवशी तर त्यांनी रोजच्यापेक्षा जास्त पाणी मारलं. जीव लावायचा म्हणजे पाणी मारायचं, हेच त्यांना ठाऊक होतं. हर्षल दाराशी उभा राहून बघत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो नानांच्या भिजलेल्या पायांकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर मी लहानपणापासून न पाहिलेला असा काहीतरी मऊपणा होता. ओलीचं काही न सांगता त्यानं नानांना पाणी मारू दिलं.

दुपारी सामना सुरू झाला. नाना खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले, नवं उपरणं घेऊन. पडद्यावर माणसं धावू लागली, नानांनी विचारलं, 'यातला तू कोन?' आणि हर्षलनं बोट दाखवलं. तेवढंच. पडदा एकदा थरथरला आणि काळा झाला. हर्षल आत धावला. छतावरून थेंब ठिबकत होते, कॅबिनेटच्या काचेला आतून दव धरलं होतं. त्यानं ते उघडलं, बघितलं, आणि हलकेच मिटलं. फोनवरून इम्रान त्याचं नाव घेऊन हाका मारत होता. संघ एका गड्याविना खेळून हरला.

संध्याकाळी गच्चीवर मी त्याला विचारलं, 'ओलीनं गेला ना?' त्यानं मान हलवली.

'तुला माहीत होतं.'

'नानांनी पहिल्यांदाच काहीतरी केलं होतं गं माझ्यासाठी,' तो म्हणाला. 'त्यांना सांगू नको, अक्का. मशीन जुनं झालं होतं, असंच सांगितलंय मी.'

राग कुणावर धरावा, हे मला आजतागायत कळलेलं नाही. नानांवर धरवत नाही, त्याच्यावर तर नाहीच. तो खेळून हरला असता तर दुसऱ्या दिवशी भांडला असता, पुन्हा सराव केला असता. पण न खेळता हरलेल्याला परत खेळायचं कसं, हे बहुधा त्यालाही सुचलं नाही. तह तह असतो, म्हणून तो गादीवर बसला. कॉम्प्युटरचे भाग त्यानं पोरांना देऊन टाकले, आणि माझ्या वाट्या घासूनपुसून परत केल्या.

गेल्या दिवाळीत मी सावद्याला गेले होते. हर्षल नानांच्या शेजारी गादीवर बसला होता, थोडा जाड झालेला, केस मागे वळवलेले. इम्रानचा फोन आला. इम्रान आता पुण्यात असतो. त्याला नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं होतं, कोणतं घेऊ म्हणून विचारत होता. स्पीकर चालू होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं. मी हातातली परडी खाली ठेवली आणि वाट बघत राहिले. आता तो उठेल, येरझारा घालील, दहा गोष्टी बजावील, असं मला खरंच वाटलं.

'दुकानदाराला विचार ना भाऊ,' हर्षल म्हणाला. 'तो सांगेल चांगलं.'

 इम्राननं मग घरच्यांची ख्यालीखुशाली विचारली आणि फोन ठेवला. नाना माझ्याकडे झुकून समाधानानं म्हणाले, 'पोरगं रस्त्याले लागलं, माय.' मी हो म्हटलं. हर्षलनं आमच्या दोघांकडे पाहून, सभ्य माणूस पाहुण्यांकडे बघून हसतो तसं हसून दाखवलं.

जो माणूस काळानं नेला, त्याचा निदान एक दिवस असतो, एक तसबीर असते, त्याचं नाव निघालं की डोळे पुसण्याची मुभा असते. पण जो कुठेच गेलेला नाही, समोर बसून वाढलेलं सगळं जेवतो आणि भाजी छान झाली म्हणतो, त्याच्यासाठी कधी, कुठे बसून रडायचं असतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.