डिझेलच्या टाकीत पेलाभर तीर्थ

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या गेटसमोर ट्रक भर रस्त्यात बंद पडला होता आणि त्याच्यापुढे माणसं हात जोडून उभी होती. ट्रकला हार, आरशांना लिंबू-मिरच्या, बंपरसमोर पाट आणि पाटावर भगव्या कफनीतले श्री डिझेलानंद महाराज. मागे रिक्षावाले हॉर्न मारून थकले, पण कुणी हलेना. मेलेली गाडी जिवंत होताना सगळ्यांना बघायची होती.

मी भाजीची पिशवी घेऊन तिथेच. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईने असल्या ठिकाणी थांबू नये, कळतं मला. पण माझं डोकं तापलं की पाय हलत नाहीत.

"गाडीचा आत्मा टाकीत असतो," महाराज सांगत होते. "टाकीवर शनी बसला की पिकअप जातो."

"पिकअप जातो," गर्दीने मान डोलावली.

"आता डोळे मिटा. मंत्र चालू असताना जो बघेल, त्याला गाडीची नजर लागेल."

गाडीची नजर म्हणजे काय, हेडलाइट? मी विचारणारच होते, तोवर सगळ्यांचे डोळे मिटलेसुद्धा. चेला धुपाटणं घेऊन ट्रकच्या पलीकडे गेला. इकडे घंटा आणि "ह्रीं पिस्टनम्, क्लीं सायलेन्सरम्" सुरू झालं. मंत्र संपला, चावी फिरली आणि ट्रक खोकत खोकत चालू झाला. लोक महाराजांच्या पायावर पडले.

ट्रक आमच्या शेजारच्या शिवदास तावड्यांचा. चालवतो त्यांचा मुलगा नितेश. नितेशचं लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत ट्रक पहिल्यांदा बंद पडला. मेकॅनिक सोडून शिवदास गेले महाराजांकडे. महाराजांनी भगवा रंग मारलेला 'अभिमंत्रित' डिझेल फिल्टर बसवून दिला, वर कुंकू घातलेल्या तीर्थाचा कॅन. रोज पूजा झाली की टाकीत एक पेला ओतायचा. तेव्हापासून ट्रक वरचेवर बंद पडायला लागला. मग महाराजांना खरं कारण दिसलं: नव्या सुनेचा पायगुण. श्रुतिकाला नाहूरला माहेरी पाठवा, गाडी सुधारेल. कधीपर्यंत, ते विचारायचं नाही.

"शिवदास, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" मी त्यांना दारातच गाठलं. "पोरगी काय इंजिनात जाऊन बसते?"

"बाई, तुमका ह्यातला काय कळाचा नाय," ते म्हणाले. "शनिवारी पोचवतंय तिका."

नितेश बाजूला खाली मान घालून उभा. असा राग आला मला त्याचा.

संध्याकाळी श्रुतिका माझ्याकडे आली. रडून डोळे सुजले होते, पण बोलायला लागली तशी सावरली.

"काकू, अपशकुनी म्हणून मला ट्रकच्या पलीकडे फुटपाथवर बसवतात ना? मी डोळे मिटतच नाही. बघतंय कोण मला? तो चेला धुपाटणं खाली ठेवतो, फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल करतो आणि पाणी गटारात सोडतो. गुलाबी पाणी. मग स्क्रू आवळतो आणि वरचा छोटा पंप हाताने दाबत बसतो."

मी कपाळावर हात मारला. पाणी डिझेलपेक्षा जड. ते फिल्टरच्या तळाशी साठतं. फार साठलं की इंजिनाला डिझेल पोचत नाही आणि गाडी मरते. पाणी काढा, पंप मारून डिझेल वर आणा, गाडी जिवंत. म्हणजे टाकीत रोज तीर्थ ओतायला लावून रोग देणारा महाराजच आणि औषध देणाराही तोच.

शनिवारी श्रुतिकाला माहेरी सोडायला निघालेला ट्रकच गेटजवळ आचके देऊन थांबला. बॅग मांडीवर घेऊन पोरगी केबिनमध्ये. शिवदासांनी फोन करताच महाराज चेल्याला घेऊन रिक्षाने धावत आले, पाट मांडला.

"बघितलंत? हिच्या भारानेच बसली गाडी. डोळे मिटा."

"कुणी मिटू नका," मी शाळेतल्या आवाजात ओरडले. "सगळ्यांनी ह्या बाजूला या."

श्रुतिका उतरली. त्या संध्याकाळपासून मी पिशवीत ठेवलेली रिकामी बाटली घेऊन तिने फिल्टरखाली धरली, स्क्रू सैल केला. बाटली भरत आली. मी ती उंच धरली. खाली कुंकवाचं गुलाबी पाणी, वर डिझेलचा पातळ थर. तोवर तिने स्क्रू आवळून भराभर पंप मारला.

"नितेश, चावी फिरव."

ट्रक सुरू झाला. ना घंटा, ना पिस्टनम्.

"माझीच शक्ती सुनेच्या अंगात शिरली," महाराज लगेच म्हणाले.

"मग हे तुमचंच तीर्थ," मी बाटली त्यांच्यापुढे धरली. "घ्या एक घोट."

"आज माझा उपवास आहे."

मागचा रिक्षावाला एवढा हसला की सगळी गर्दी हसायला लागली. श्रुतिकाने फिल्टरवरचा भगवा रंग नखाने खरवडला, तर आत जुना गंज. चेला धुपाटणं टाकून कधी पळाला कळलंच नाही. महाराज पाट घेऊन पळाले.

"देवाचं पाणी देव्हाऱ्यात ठेवा," मी लोकांना सांगितलं. "फिल्टर गाडीचं मॉडेल सांगून, नंबर जुळवून घ्या. आणि डोळे मिटा म्हणणारा भेटला की दोन्ही उघडे ठेवा."

शिवदासांनी बाटली माझ्या हातातून घेऊन उजेडाकडे धरली. मग सुनेजवळ आले.

"सूनबाय, माझा चुकला. तुझ्याच हातान गाडी चालू झाली. तुझो पायगुण चांगलो असा."

"पप्पा, माझ्या पायाला गुणच नाही," श्रुतिका म्हणाली. "तेव्हा वाईट नव्हता, आता चांगलाही नाही. टाकी साफ करून घ्या, नवा फिल्टर बसवा. आणि पुन्हा गाडी बंद पडली तर मेकॅनिकला बोलवा."

तिने केबिनमधली बॅग काढून नितेशच्या हातात दिली आणि घराकडे चालायला लागली.