हालु

मल्लव्वांनी कोरफडीचं पान मधोमध चिरलं, चमच्याने गर वाटीत काढला आणि वाटी सुनेपुढे सरकवली.

"लाव. लई कडू असतंय. एकदा तोंड पोळलं की पुन्यांदा येत न्हाय पोरगी."

सिद्धेश्वरीने वाटी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

"अत्ती, डॉक्टर म्हणाल्या, पाजलं तरी चालतंय. तब्येत चांगली आहे माझी."

"डाक्टरणीला काय हुतंय? पोटातल्याच्या वाटणीचं हाय ते. पुट्टीनं आपली वाटणी पिऊन संपवली. आता त्याचं बी पिणार का?"

पोटातल्याला मल्लव्वा पहिल्यापासून 'तो'च म्हणत. सिद्धेश्वरीने नवऱ्याकडे पाहिलं. दवाखान्यात डॉक्टरांसमोर नंदीश तिच्या शेजारीच बसला होता.

"म्हणाल्या होत्या काहीतरी," तो म्हणाला आणि स्कूटरची किल्ली शोधू लागला.

पुट्टीला तीन वर्षं होऊन गेली होती. कानडी आणि मराठी एकत्र नांदणाऱ्या त्या घरात तिने दोन्ही भाषांतून आपल्यापुरता निवाडा केला होता. पिशवीतलं, गॅसवर तापवलेलं, कपातलं ते दूध. आईचं ते हालु. हा शब्द मल्लव्वांनीच तिला पाळण्यात शिकवला होता. एकाला दुसरं ती चुकूनही म्हणत नसे.

दुपारी बालवाडीतून आली तशी ती आईच्या मांडीवर आडवी झाली. तोंड लावलं आणि मागे घेतलं. रडली नाही. फ्रॉकच्या टोकाने तिने आईची छाती नीट पुसली आणि पुन्हा तोंड लावलं. मग मात्र ओठ वाकडे झाले. सिद्धेश्वरीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

मल्लव्वांनी नातीला उचलून कडेवर घेतलं.

"हालु आता बाळाचं झालं बघ. बाळाचं प्यायचं असतंय का? चोर म्हणतील की तुला."

"बाळाचं?"

"व्हय, बाळाचं."

"मग मला?"

"तुला दूध. मोठ्या पोरीवानी, कपात."

पुट्टीने ते मनावर घेतलं. जिन्यात भेटणाऱ्या शेजारच्या विजयमालाकाकूंना ती थांबवून सांगे, "हालु बाळाचं हाय." काकू हसत. मल्लव्वा कौतुकाने म्हणत, "लई शहाणी हाय आमची." झोपेत मात्र तिचा हात सवयीने आईच्या गळ्यापाशी जाई. मध्येच तिला जाग येई, आणि ती आपला हात आपणच काढून घेई. सिद्धेश्वरी तो हात धरून ठेवायची. पुट्टी सोडवून घ्यायची.

पाचवा महिना लागला आणि बाळ गेलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, पाजण्याचा याच्याशी काही संबंध नाही. या खेपेला मल्लव्वाही तिथेच होत्या. त्यांनी मान डोलावली. घरी आल्यावर पायांवर पाणी घेताना म्हणाल्या, "आदीच सोडवायला पायजे हुतं. उशीर केला हिनं."

नंदीश गोळ्यांची पाकिटं फडताळात ठेवत होता. सिद्धेश्वरी त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. त्याने एका पाकिटावरचं नाव वाचलं, मग तेच पाकीट पालथं करून पुन्हा वाचलं.

आणि मग तिला दूध आलं. दवाखान्यात याची कल्पना दिली होती, पण ऐकताना ते तिला खरं वाटलं नव्हतं. छाती दगडासारखी झाली. गाऊन ओला होई, वाळे, पुन्हा ओला होई. ती कूस बदलू शकत नव्हती. नंदीश कामावर गेल्यावर मल्लव्वा चहा घेऊन आल्या. त्यांनी ते डाग पाहिले, तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप येईल अशानं. पोरीला घे की. आता कुणासाठी ठेवतीस?"

मल्लव्वांनी दाराकडे वळून हाक मारली.

"पुट्टी, ये गं. अव्वाकडं हालु हाय."

पुट्टी बाटल्यांच्या झाकणांशी खेळायचं सोडून आली. खाटेच्या कडेला उभी राहिली. सिद्धेश्वरीने स्वतःहून गाऊनची बटणं काढली. तिच्या बोटांना घाई झाली होती. तिने लेकीसाठी कुशीत जागा केली, दुखत असूनही सरकली.

पुट्टीने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"हालु बाळाचं हाय."

"अगं, पी की. आता बाळ..." मल्लव्वा थांबल्या. पुट्टीला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

पुट्टी वाट पाहत राहिली. आजी पुढे बोलेना तेव्हा तिने वाकून आईच्या गाऊनच्या दोन्ही कडा जवळ ओढल्या. बटण तिला लावता येत नव्हतं. तिने कडा नुसत्याच दाबून धरल्या.

"चोर म्हणतील," ती आईला हळूच म्हणाली. मग आजीकडे वळली. "मला दूध दे. कपात."

मल्लव्वा उठल्या. स्वयंपाकघरात दुधाची पिशवी कापल्याचा, पातेलं ठेवल्याचा आवाज आला. मग लायटरची टकटक सुरू झाली. बराच वेळ ती चालूच राहिली. गॅस काही पेटत नव्हता.