फाळक्यावरचा वाटसिद्ध

"बाई, तेवढी एक ओळ वहीतनं काढा," चमन पेंटर ब्रश रॉकेलात बुडवत म्हणाला.

निर्मलाबाई चमकल्या. कोडोलीच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या या बाईंना दोन वर्षं एकाच प्रश्नाने पछाडलं होतं. सातशे वर्षांपूर्वीचा साधुकवी वाटसिद्ध, ज्याचं गावही कुणाला ठाऊक नाही, तो ट्रकवर, रिक्षावर, लग्नपत्रिकेत येऊन बसला कसा? शोधत शोधत त्या उचगावच्या रस्त्यावर चमनपर्यंत आल्या होत्या. तीस वर्षांत या माणसाने ट्रकच्या मागच्या बाजूचे किती फाळके रंगवले, त्याला गणतीच नव्हती. वहीत जमवलेल्या वाटसिद्धाच्या ओळींचं बाईंचं पुस्तक उद्या छापायला जाणार होतं.

"का काढू? सगळ्यांत सुंदर ओळ तर हीच आहे!"

'वाट पुसणाऱ्याला आधी पाणी दे, म्हणे वाटसिद्ध.'

चमन साठीचा, पण कानापर्यंत लाजला. "ती त्येची न्हाय. माझी हाय."

मग सगळं बाहेर आलं. साधूचं नाव दाटीवाटीत कोंबणं चमनला पटायचं नाही, म्हणून तो ते उजव्या कोपऱ्यात आधी लिहायचा आणि उरलेल्या जागेत ओळ बसवायचा. ब्याण्णव साली पेठ वडगावच्या रुद्राप्पांच्या ट्रकवर नाव लिहून झालं आणि ओळच आठवेना.

"नाव वाळलंतं. साधूचं नाव पुसायचं कसं? आदल्या दिशी मी पन्हाळ्याकडं वाट चुकलोतो. एका म्हातारीनं आधी तांब्या दिला, मग वाट सांगितली. त्येच लिवलं."

"मग खाली तुमचं नाव घालून छापते."

"चमनच्या सांगण्यावरनं कोण पाणी देतंय, बाई? काढा. साधूच्या तोंडी खोटं नगं."

बाईंनी जड हाताने ओळीवर रेघ मारली. चमनला वाईट वाटलंच. जन्मात एकच ओळ सुचली होती आणि ती पुस्तकात जाता जाता त्याने आपल्याच हाताने घालवली होती. तरी त्याने इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारून घेतलं, "पर बाई, त्यो दिसायला कसा हुता वो?"

"कुणालाच माहीत नाही, चमनभाई."

"आसं व्हय," म्हणत तो बराच वेळ हसत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निपाणीकडचा एक अनोळखी ड्रायव्हर कोऱ्या फाळक्याचा ट्रक घेऊन आला.

"पेंटर, ती पाण्याची ओळ टाका. दारात कोण बी आलं की आमचा आज्जा तेच म्हणतोय."

"कुणाची वो ती ओळ, पावणं?" चमनने उगीच विचारलं.

"वाटसिद्धाची की! सातशे वर्सं झाली. पेंटर आसून ठावं न्हाय व्हय?"

"आत्ता कळलं," चमन म्हणाला.

त्याने ब्रश घेतला आणि रिवाजाप्रमाणे उजव्या कोपऱ्यात आधी साधूचं नाव लिहिलं. आज ते जरासं लहान काढलं. मग डावीकडे जाऊन, मोकळ्या जागेत, तो सावकाश 'वाट' लिहू लागला.